हाजिर जनाब

लाईट आता काही लवकर येत नाही. कोपऱ्यावरची डीपी उडालीय म्हणे, आणि वायरमनचा फोन लागत नाही. बसा असेच गच्चीवर. पुस्तकं मिटा. नांदेडात एक रात्र अभ्यास बुडाला म्हणून कुणाचं मेडिकल हुकत नाही.

मघाशी तुमच्यातलं कुणीतरी विचारत होतं, वाजिद सर, तुम्ही जन्मभर केमिस्ट्री शिकवली, तुमचा असल्या गोष्टींवर विश्वास हाय का? विश्वासाचं राहू द्या. मी तुम्हाला माझ्यासोबत एका खोलीत राहिलेल्या माणसाची हकीकत सांगतो. हनुमंत त्याचं नाव. लातूरला आम्ही एकाच क्लासवर शिकवायला होतो, तो फिजिक्सला, मी केमिस्ट्रीला. दोघांत एक खोली. मी बघायचो, हा माणूस पहाटे चार वाजून गेल्याशिवाय कधी डोळा मिटायचा नाही. खिडकीशी बसून राहायचा. चार वाजले की आडवा व्हायचा. विचारलं तर म्हणायचा, सवय आहे. ती कसली सवय, ते मला त्यानं पुढं खूप वर्षांनी सांगितलं. तेच तुम्हाला सांगतो.

गावाचं नाव मात्र सांगणार नाही. लातूरहून निलंग्याकडं जाताना डाव्या हाताला एक फाटा लागतो, एवढं बस. तिथली माणसं अजून तिथंच राहतात, आणि अंधार पडल्यावर त्यांना त्या शाळेवरूनच घरी जावं लागतं.

शाळा सरकारी. माध्यमिक. निजामाच्या अमलातली. तेव्हा तिला फोकानिया म्हणायचे, म्हणजे आपलं हायस्कूल. काळ्या दगडाच्या जाडजूड भिंती, वर मातीचं माळवद, पुढं मैदान आणि मैदानाच्या कडेला एक कडुलिंब. शिकवणं सगळं उर्दूत. त्या भागात दुसरं हायस्कूल नव्हतं. पोरं लांबलांबच्या गावांहून पायी यायची, म्हणून शाळेच्या मागच्या अंगाला एक मोठा हॉल बांधून बोर्डिंग केलं होतं. मग पोलीस ॲक्शन झालं, निजाम गेला, आणि फळ्यावर मराठी आली. हजेरीला ‘हाजिर जनाब’ म्हणणारी पोरं ‘हजर, सर’ म्हणायला शिकली.

त्या पोरांत एक मुज्तबा होता. अर्धं शिक्षण उर्दूत, अर्धं मराठीत. तिथंच मॅट्रिक झाला, तिथंच गणिताचा मास्तर लागला, आणि बोर्डिंगही त्याच्याच ताब्यात आलं. लग्न केलं नाही. बोर्डिंगची पोरं हाच संसार. मुज्तबा सर गणित अस्सल मराठीत शिकवायचे, पण आकडेमोड करताना ओठातल्या ओठात उर्दू चालायची. आणि जुन्या काळातली एक रीत त्यांनी सोडली नव्हती. रात्री झोपायच्या आधी कंदील घेऊन हॉलमधून फिरायचे, एकेकाचं नाव घ्यायचे. हातात कागद नाही, नावं तोंडपाठ. पोरानं अंथरुणातूनच म्हणायचं, ‘हाजिर जनाब.’ शेवटचं पोर हाजिर झाल्याशिवाय सरांचा कंदील बारीक व्हायचा नाही. त्या शाळेतनं तहसीलदार निघाले, इंजिनियर निघाले, एक तर हायकोर्टात वकील झाला. सगळे रात्री ‘हाजिर जनाब’ म्हणून झोपलेले.

त्र्याण्णवला भूकंप झाला. किल्लारीचं तुम्ही ऐकलेलं आहे. तुमच्यातल्या काहींच्या घरातली माणसं गेली असतील, मी त्याबद्दल जास्त बोलत नाही. या गावात घरं पडली, आणि शाळेचा मागचा हॉल पडला. बोर्डिंगची पोरं सगळी वाचली. गेले ते एकटे मुज्तबा सर. पोरांना मैदानात काढून ते परत आत शिरले, आणि दुसऱ्या धक्क्याला माळवद खाली आलं. परत का शिरले? कुणी म्हणालं चष्मा राहिला होता, कुणी म्हणालं कुराण राहिलं होतं. गावानं काहीतरी ठरवलं आणि गाव मोकळं झालं.

पडक्या हॉलच्या दारावर पत्रा ठोकला. शाळा आधी टिनाच्या शेडमध्ये भरली, मग रस्त्याच्या पलीकडं नवी इमारत झाली. पण तोवर लातूरचं नाव देशभर झालेलं. ज्याला त्याला पोरगं लातूरच्या क्लासला घालायचं. नवीन इमारतीत बाकं होती, पंखे होते, बसायला पोरं नव्हती. जुन्या इमारतीकडं तर कुणी बघायचं पण नाही.

हनुमंतानं बघितलं. त्याच बोर्डिंगचा तो विद्यार्थी. भूकंपाच्या वेळी आठवीत होता. दोन हजार बारा साली त्यानं आपला वेगळा क्लास काढला आणि आसपासच्या गावांतली हुशार, गरीब घरची पोरं गोळा करून निवासी बॅच सुरू केली ती त्या जुन्या शाळेत. पुढच्या खोल्या शाबूत होत्या. शाळा समितीला वाटलं, चला, इमारतीत दिवा तरी लागेल. राखणीला सटवाजी म्हणून गावातलाच माणूस ठेवला, स्वयंपाकाला त्याची बायको रुक्मिणबाई. हनुमंत आठवडाभर लातूरला शिकवायचा, शनिवारी-रविवारी तिकडं जायचा. मी त्याला म्हणालो होतो, ‘अरे, एवढ्या लांब कशाला? इथंच फ्लॅट घे की भाड्यानं.’ तो म्हणाला, ‘ती शाळा परत भरलेली बघायची हाय मला, वाजिदभाई. मग झोप लागंल.’

मला वाटलं, उगाच बोलतोय.

तर तारीख ऐका. एकोणतीस सप्टेंबर दोन हजार बारा. शनिवार. हनुमंत दुपारी लातूरहून निघाला ते इन्व्हर्टरची बॅटरी घेऊन. लोडशेडिंगनं पोरांचा रात्रीचा अभ्यास होत नव्हता, म्हणून नवी बॅटरी व्हॅनमध्ये टाकली, सोबत भौतिकशास्त्राचे छापलेले पेपर. तसं तर तो दर शनिवारी जायचाच. पण त्या दिवशी सकाळी सटवाजीचा फोन आला होता.

‘सर, आज लवकर या.’

‘का? काय झालं?’

‘या तुम्ही. फोनवर न्हाई बोलता येत.’

औश्यात मिरवणूक होती. ढोल, गुलाल, रस्ता बंद. व्हॅन तासभर अडकली. फाट्याला वळला तेव्हा दिवस मावळून गेला होता. पावसानं उघडीप दिलेली, दोन्ही बाजूंना सोयाबीन काढणीला आलेलं, आणि समोरून चंद्र वर येत होता. मोठा. हनुमंत मला म्हणाला, तेव्हा काही भीती नव्हती. बॅटरी नीट बसंल का, एवढाच विचार डोक्यात होता.

सटवाजी फाटकातच उभा होता. बॅटरीकडं त्यानं बघितलं पण नाही.

‘सर, गणपती बसल्यापासनं चालू हाय. म्या सकाळी उठून बघावं, तर खोल्या रिकाम्या. पोरं मैदानात. हातरूण न्हाई, पांघरूण न्हाई. उघड्या भुईवर वळीनं झोपलेली.’

‘उकडत असंल.’

‘म्याबी तेच म्हनलं. पर इच्यारलं तर म्हनतेत, सरांनी उठिवलं. म्या म्हनलं, कंचे सर? सर तर लातूरला हायेत.’ सटवाजीनं मागच्या हॉलकडं बघितलं. ‘आन् काल सकाळी एक पोरगं मैदानात नव्हतं. ते अनस, निलंग्याचं. लई हुडकलं. मंग रुक्मिणीला मागून आवाज आला. त्या पडक्या हॉलातून. पत्र्याच्या आतून, सर. खिळे बाहेरून ठोकलेले. म्या पकडीनं खिळे उपसले तवा ते पोरगं बाहेर आलं. केसात सगळा चुना.’

‘दुसरीकडनं शिरला असंल. भिंत पडलेली असंल कुठंतरी.’

‘समदीकडनं बघितलं. मांजर जाईल एवढी जागा न्हाई.’

हनुमंतानं अनसला बोलावलं. अकरावीचं पोर, उंच, हडकुळं. हे खोडी करणारं पोर नाही, हे हनुमंताला माहीत होतं. त्याला स्वयंपाकाच्या शेडमध्ये चुलीपाशी बसवलं. रुक्मिणबाई भाकरी थापत होती, ती थांबली.

‘काय झालं ते सांग. कुणी रागावणार न्हाई.’

‘एक म्हातारे सर येतेत, सर. कंदील असतो हातात. बाहेर चला, लवकर बाहेर चला, म्हणतेत. त्यांचा आवाज ऐकला की पाय आपोआप चालतेत. मग मैदानात उभं करतेत आम्हाला. हजेरी घेतेत.’

‘हजेरी?’

‘हाव. नावं घेतेत. पण ती नावं आमची नसतेत. तरी आम्ही हाजिर जनाब म्हणतो.’

‘काय म्हणता?’

‘हाजिर जनाब.’ अनस ओशाळल्यासारखा झाला. ‘कुणी शिकवलं न्हाई, सर. आमच्या घरी उर्दू बोलतेत, पण असं तर आमचे दादा, म्हणजे आजोबा पण न्हाई म्हणत. आणि ही बाकीची पोरं तर... तोंडातून आपोआप येतं.’

चुलीतलं लाकूड तडकलं.

‘शेवटी एक नाव घेतेत. लई वेळा घेतेत. त्याला कुणीच हाजिर म्हणत न्हाई. मग ते म्हणतेत, आत राहिला तो. आणि आत जातेत. रोज असंच व्हायचं. परवा त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, चल बेटा, त्याला शोधायला मदत कर मला. मग सकाळपर्यंत मी... मला काही आठवत न्हाई, सर. नुसतं शोधत होतो. दगडाखाली. अंधारात.’

‘कुठलं नाव?’

हनुमंत म्हणतो, मला ते विचारायचं नव्हतं. उत्तर माहीत असताना माणूस विचारतो कशाला?

‘हणम्या,’ अनस म्हणाला.

पोरं त्याला एच. के. सर म्हणायची. फाटकावरच्या पाटीवर पण तेच. हणम्या त्याला एकटे मुज्तबा सरच म्हणायचे.

तो उठून कडुलिंबाखाली जाऊन उभा राहिला. गावातून ढोलाचा आवाज येत होता. सटवाजी मागून आला आणि म्हणाला, ‘आज अनंत चतुर्दशी, सर. त्या सालीबी अनंत चतुर्दशीच व्हती. तारीखबी हीच. एकुनतीस. इसर्जन झालं, लोक दमून झोपले, आन् पहाटं...’

हनुमंताला हे सांगायची गरज नव्हती.

त्या रात्री मुज्तबा सरांनी बोर्डिंगच्या पोरांना विसर्जनाला नेलं होतं आणि जेवणवेळेला माघारी आणलं होतं. पोरांना अजून बघायचं होतं. सर म्हणाले, बस झालं. कंदील फिरला. हणम्यानं ‘हाजिर जनाब’ म्हटलं, घोरल्याचं सोंग केलं, आणि सर झोपल्यावर खिडकीतून उतरून गावात पळाला. लेझीम बघितली, गुलाल खेळला, आणि परत यायची भीती वाटायला लागली तेव्हा मारुतीच्या पारावर झोपून गेला.

भुई हलली तेव्हा तो पारावरून खाली पडला. गावभर आरडाओरडा. धूळ. तो शाळेकडं पळत सुटला. कंपाउंडपाशी आला तर मैदानात पोरं ओळीनं उभी, आणि सर कंदील घेऊन मोजत होते. मोजणी संपली. एक कमी. सरांनी हाक मारली, ‘हणम्या!’ आणि हॉलच्या दिशेला वळले.

तो भिंतीच्या या बाजूला होता. सरांच्या पाठीपासून दगड मारला तर लागंल एवढ्या अंतरावर. नुसतं तोंड उघडायचं होतं. ‘हाजिर जनाब’ म्हणायचं होतं. पण गुलालानं माखलेलं अंग, आणि उद्याचा मार... त्याला वाटलं, सर आत बघतील, नाही म्हणतील, बाहेर येतील. मग आपण हळूच ओळीत उभं राहू. तो कडुलिंबाच्या आडोशाला सरकला.

आतून दोनदा हाक आली. ‘हणम्या... बेटा...’

मग दुसरा धक्का बसला.

गावभरच्या आरडाओरड्यात सरांची हाक ओळीतल्या कुणाच्या ध्यानात आली नव्हती. सकाळी पोरांनी त्याला बघितलं, त्यांना वाटलं तो आधीपासूनच होता. कुणी विचारलं नाही. तो बोलला नाही. हे मला सांगितलं, पोरांनो, तेव्हा हनुमंताच्या डोक्यावरचे केस पांढरे झालेले होते.

असो.

आता काय करावं? पोरांना घरी पाठवायचं, तर विसर्जनाची रात्र, एसटी बंद. व्हॅनमध्ये सगळी मावत नाहीत, आणि थोडी नेऊन बाकीची कशी सोडणार? हनुमंतानं ठरवलं, सकाळी पहिल्या गाडीनं सगळ्यांना काढायचं. आणि आजच्या रात्री कुणी खोलीत झोपायचंच नाही. सगळ्यांची अंथरुणं मैदानात. उठवायला येणारा आला, तर बाहेर काढायला कुणी आत असायलाच नको. त्यानं अनसला आपल्या शेजारी घेतलं. त्याचं मनगट स्वतःच्या मनगटाला उपरण्यानं बांधलं. सटवाजी शेडच्या दारात काठी घेऊन बसला.

ढोल थांबले. गाव झोपलं. चांदणं एवढं होतं की पोरांच्या चपलांचे अंगठे सुद्धा दिसत होते. हनुमंत जागा राहणारच होता, त्याला ती सवयच. त्यानं दोनदा घड्याळ बघितलं. दोन वाजून गेले. तीन वाजले. काही नाही. साडेतीन. काही नाही. त्याला वाटलं, नाहीच काही. पोरांची डोकी, अभ्यासाचा ताण, झोपेत चालणं... असतं असं.

मग कडुलिंबातले रातकिडे थांबले.

सगळे एकदम.

हनुमंतानं मान वळवली. शेजारी अनस नव्हता. उपरणं बांधलेलंच होतं, गाठ होती तशी. पलीकडचं टोक रिकामं.

पोरं उभी होती. सगळी. ओळीनं. डोळे मिटलेले.

हॉलच्या बाजूनं उजेड येत होता. पिवळा. हलता. चांदण्यात सुद्धा वेगळा कळणारा.

तो उठला. उठला म्हणजे गुडघ्यावर आला.

कंदील ओळीच्या टोकाला थांबला. कंदिलामागं काय होतं ते त्याला दिसलं नाही. त्यानं बघितलंच नाही, असं तो म्हणतो. नुसता आवाज ऐकला. तोच. खरखरीत, थोडा दमलेला.

‘वैजनाथ.’

‘हाजिर जनाब.’

‘काशिनाथ.’

‘हाजिर जनाब.’

‘बाबूमियाँ.’

‘हाजिर जनाब.’

हनुमंत एकेका नावाला ओळखत होता. वैजनाथ त्याच्या डाव्या अंगाला झोपायचा. काशिनाथ आता पुण्याला असतो. बाबूमियाँ उदगीरला दुकान चालवतो. जिवंत माणसांची नावं. आणि दुसऱ्यांचीच पोरं, मिटल्या डोळ्यांनी, त्यांच्या जागेवर उभी राहून हाजिर होत होती.

उजेड सरकत आला.

‘हणम्या.’

कुणी बोललं नाही.

‘हणम्या...’

वारा नाही. पान हलत नाही.

‘आत राहिला तो.’

कंदील वळला. ओळीपुढं आला. अनसच्या समोर थांबला.

‘चल, बेटा.’

अनस चालायला लागला. हनुमंत झेपावला, त्याचा दंड धरला. दंड थंड होता. दगडासारखा जड. धरून थांबेना. अनस चालतच राहिला आणि हनुमंत त्याच्यासोबत फरफटत. मैदान संपलं. पुढच्या खोल्या मागं पडल्या, हॉलच्या ओसरीची पायरी आली. पत्रा समोर. त्या पत्र्यामागं कलंडलेल्या भिंती, अर्धवट अडकलेले सागाचे वासे. एक निसटला तरी आत कुणी वाचणार नाही.

नुसतं तोंड उघडायचं होतं.

तोंड उघडेना.

बत्तीस वर्षांचा माणूस, पोरांनो. वर्गात शंभर-शंभर पोरांपुढं बोलणारा. जीभ टाळूला चिकटलेली. तेव्हा होती तशीच.

अनसचा हात पत्र्याला लागला.

आणि हनुमंत ओरडला. सगळा जीव घशात आणून ओरडला.

‘हाजिर जनाब!’

आवाज आला.

पण तो त्याच्या तोंडातून आला नाही.

त्याचे ओठ हलले, घसा फाटला, आणि आवाज आला तो पत्र्याच्या मागून. आतून. खोलवरून, दगडांच्या खालून. पोराचा आवाज. आठवीतल्या.

कंदील थांबला.

कितीतरी वेळ... काही नाही.

मग कंदील पत्र्यातून आत गेला. पत्रा उघडला नाही, वाजला नाही. फटीतून उजेड दिसत होता. आत जाणारा. लांब. अजून लांब. त्या हॉलची लांबी एवढी नाही, हनुमंत म्हणाला. तो हॉल एवढा लांब नव्हताच.

आत काहीतरी कोसळलं. फटींतून चुन्याचा लोट बाहेर आला. अनस खाली बसला. मैदानात पोरं एकामागून एक खाली बसली, आडवी झाली, झोपली.

हनुमंतानं अनसला उचललं, अंथरुणावर आणून टाकलं आणि त्याच्यावर पालथा पडून राहिला. डोळे घट्ट मिटून.

मग पावलं ऐकू आली.

अनवाणी. दोन माणसांची. जवळ आली.

अगदी जवळ.

थांबली.

त्यानं डोळे उघडले नाहीत. कुणी काही बोललं नाही. थोड्या वेळानं रातकिडे पुन्हा सुरू झाले. गावात कोंबडा आरवला. सटवाजी शेडच्या दारातून रडत येत होता, ‘सर... सर...’ करत. त्यानं कंदील पाहिला होता. त्याच्या हातातली काठी तिथंच पडलेली होती.

पुढचं थोडक्यात सांगतो. पोरांना त्याच दिवशी हलवलं. पोरांना त्या रात्रीचं काही आठवत नव्हतं. त्यांना वाटलं, बॅच बंद पडली. अनस पुढं डॉक्टर झाला, औरंगाबादला असतो. हनुमंतानं क्लास सोडला आणि एका झेडपीच्या शाळेत मास्तर झाला, इस्लापूरकडं, पार किनवटच्या जंगलात. मी एकदा त्याच्याकडं मुक्कामाला गेलो. रात्री दहाला तो झोपला, आणि सकाळपर्यंत हलला नाही. मीच जागा होतो.

त्या रात्री झोपायच्या आधी त्यानं हे सगळं सांगितलं होतं. मी म्हणालो, ‘मग चांगलंच झालं की. सरांना त्यांचं पोरगं सापडलं. त्यांची सुटका झाली.’

मग त्यानं मला त्या सकाळचं सांगितलं.

उजाडल्यावर तो आणि सटवाजी ओसरीवर गेले. पत्रा होता तसाच. अनसला काढल्यावर सटवाजीनं परत ठोकलेले नवे खिळे होते तसेच. आणि पत्र्याच्या खालून पावलं निघाली होती. चुन्याची, पांढरी, काळ्या दगडावर स्वच्छ उमटलेली. एक मोठ्या माणसाची, टाच घासत चालणाऱ्याची. त्याच्या शेजारी लहान, पोराची. ओसरीवरून उतरून मैदानात आलेली. चालता चालता चुना झिजतो, पाऊल पुसट होतं. ही झाली नव्हती. हनुमंताच्या अंथरुणापर्यंत सारखीच पांढरी.

लहान पावलं तिथं संपली होती. उशापाशी.

मोठी वळली होती.

वळून, त्याच वाटेनं, मैदान ओलांडून, ओसरी चढून पत्र्याखाली परत आत गेली होती.

सटवाजी उकिडवा बसून ती पावलं बघत राहिला. बघता बघता त्याचा चेहरा उतरला.

‘पोरगं तर घावलं की, सर,’ तो हळू म्हणाला. ‘मंग मास्तर आता आत कुनाला हुडकाय गेले?’

हनुमंतानं पुन्हा पुन्हा बघितलं. आत गेलेली पावलं होती.

परत बाहेर आलेली नव्हती.